बांधीतले खेकडे

सकाळी ग्यानीरामजी शेतावर पोचले तेव्हा रोवणीच्या बाया धुऱ्यावर, शेताच्या मातीच्या बांधावर, पान खात बसल्या होत्या आणि बांधीतलं, म्हणजे धानाच्या खाचरातलं पाणी गायब होतं. काल संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी भरलेली बांधी पाहिली होती. पावसाने दडी मारलेली, धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं उपटून पेंढ्या बांधलेल्या. आज-उद्या रोवणी झाली नाही तर सगळं वाळून जाणार होतं.

"भाऊ, तुमचं पानी बकारामाच्या बांधीत गेलं जी," त्यांच्यातली धुरपता म्हणाली. "आमी तिकडंच जाऊ का?"

खालच्या बांधीत बकाराम फार निरागस चेहरा करून आभाळाकडे बघत होता. उताराच्या जमिनीत वरच्याचं पाणी खालच्याला मिळतं, यात त्या गरिबाचा काय दोष? वरच्या बांधीवाल्या लोकेंद्राकडे ग्यानीरामजींनी थोडं पाणी मागून पाहिलं. त्याने माझंच मला पुरत नाही म्हणून हात झटकले. मग त्यांनी धुरा तपासला. त्याची पार चाळणी झाली होती आणि भोकाभोकातून खेकडे डोकावत होते. एखाददुसरा खेकडा दरवर्षीच असतो, पण ही तर अख्खी वस्ती होती.

उलगडा नातीने केला.

"आमीच सोडले, आबाजी," खुशी अभिमानाने म्हणाली.

शाळेतल्या रविता मॅडमनी मुलांना वाघ नदीवर नेऊन मासे, झिंगे, शिंपले, खेकडे दाखवले होते. खेकडा सडकं-कुजकं खाऊन नदी साफ ठेवतो, त्याला वाचवा, असं सांगितलं होतं. मुलांनी ते मनावर घेतलं आणि लोकांनी पकडलेले खेकडे घरोघरून मागून आणले. नदीत सोडले तर लोक पुन्हा धरून रस्सा करणार. मग कोणाची हात घालायची हिंमत होणार नाही अशी जागा गावात कोणती? अर्थातच शाळा समितीच्या अध्यक्षांची, म्हणजे आबाजींची बांधी.

ग्यानीरामजी तडक शाळेकडे निघाले. मॅडमना चांगलं फैलावर घ्यायचं त्यांनी ठरवलं होतं. अडचण एवढीच, की शिकवलेलं पुस्तकात राहू नये, घरी दिसलं पाहिजे, असं समितीच्या मागच्या सभेत त्यांनीच ठणकावलं होतं. त्यात मॅडमना वाटत होतं की सगळं अध्यक्षांच्या परवानगीनेच झालं. त्यांनी अख्खा वर्ग उभा केला आणि मुक्या जीवांना स्वतःच्या शेतात आसरा देणारे असे अध्यक्ष शोधून सापडणार नाहीत, असं सांगितलं. टाळ्या वाजल्या. खुशीने सगळ्यांत जोरात वाजवल्या. फैलावर घ्यायला आलेल्या ग्यानीरामजींनी हात जोडले.

"तसं नाई, मॅडम," ते खाकरून म्हणाले, "जागा कमी पडून राहिली त्यायले."

"मग नदीत सोडू या का परत?"

ते हो म्हणणारच होते. पण खिडकीतून लोकेंद्राची काठोकाठ भरलेली बांधी दिसली आणि ग्यानीरामजींना खेकड्यांचा खराखुरा कळवळा आला.

"नदीत कायले मारता बिचाऱ्यायले? आमच्या वरच्या लोकेंद्राच्या बांधीत न्या. मोठी हाय, पानी बी थंडं हाय. सुखात राहतीन."

त्या दुपारी मुलांनी खेकडे टोपल्यांत भरून वर नेले. ग्यानीरामजींनी आपला धुरा चिखलाने लिंपून घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बांधीत पाणी चमकत होतं आणि धुरपता बायांना घेऊन आपणहून हजर झाली होती.

पुढच्या सभेत ग्यानीरामजींनी ठराव मांडला, की नदीतल्या जीवांचा हा धडा दरवर्षी ऐन रोवणीतच शिकवावा. बकारामने बसल्या जागी अनुमोदन दिलं. लोकेंद्र मात्र तावातावाने उठला आणि आधी ते खेकडे माझ्या धुऱ्यातून काढा म्हणाला. सभेला आलेली मुलं वळून त्याच्याकडे पाहू लागली.

"काका," खुशीने विचारलं, "तुमाले जराशी बी दया नाई का?"

लोकेंद्र खाली बसला. ग्यानीरामजींनी दुपट्ट्याने डोळे टिपले आणि गावात अजून बरंच शिकवायचं बाकी आहे, असं मॅडमना हळू आवाजात सांगितलं.