पाटीवर किती, घरात किती

खोपकर काका बेल वाजवण्याआधी दारावरची पाटी वाचायचे. मोठ्यानं. नीउ-व्हेनेप या डच गावातल्या आमच्या गल्लीत कुत्रीसुद्धा दबक्या आवाजात भुंकतात. तिथे हे साठी उलटलेले गृहस्थ दुमडती सायकल भिंतीला टेकवून, डोक्यावरचं हेल्मेट न काढता, परक्याच्या दारावरची नावं हजेरी घेतल्यासारखी पुकारायचे. मग आत येऊन पायपुसण्यावर उभं राहून चपला-बूट मोजायचे. दोन्हींचा मेळ बसला की "क्लॉप्त!" म्हणून घरात. नाही बसला तर चहासुद्धा नाही.

क्लॉप्त म्हणजे जुळलं, बरोबर. डच माणूस ते येता-जाता म्हणतो. काका म्हणायचे तेव्हा मात्र कडी नीट बसल्याचा आवाज यायचा.

झुइडासमधल्या एका बँकेत जन्मभर हिशेब तपासून काका निवृत्त झाले होते. दर वसंतात आम्हा मराठी मंडळींचे टॅक्स रिटर्न भरून द्यायचे, तेही घरी येऊनच. "काका, स्क्रीन शेअर करतो" म्हटलं की विचारायचे, "स्क्रीनवर बूट दिसतात का?" पैसे घेत नसत. फी एकच, फोडणीची पोळी. एका नवख्या वहिनींनी कौतुकानं श्रीखंड-पुरी केली, तर काकांचा चेहरा पडला. "ताजं पाहुण्यांना करतात हो. मी काय पाहुणा आहे?"

आता आमचं सांगतो. हे मी आजवर मित्रांनाही धड सांगितलेलं नाही.

मनीषा आणि मी लग्न न करता एकत्र राहायचो. आम्हाला मुलगी झाली, इरा. साताऱ्याला माझ्या घरी मनीषाचं आडनाव चालणार नव्हतं, आणि विचारून बघायची माझ्यात धमक नव्हती. गुपचूप रजिस्टर लग्न करू म्हटलं, तर मनीषा म्हणाली, "लपूनच राहायचं तर लग्न कशाला? असंही लपता येतंच की." इथे प्रत्येकाचा राहता पत्ता नगरपालिकेत नोंदवावा लागतो, म्हणून तिथे मी माझा पत्ता झुइडओस्टमधल्या एका मित्राच्या फ्लॅटचा ठेवला होता. आई-बाबा उन्हाळ्यात आले की मी तिकडेच राहायला जायचो. इरा संध्याकाळी खिडकीला नाक लावून बसायची. हे मनीषानं कधी सांगितलं नाही. शेजारीण बोलून गेली.

काका पहिल्यांदा आले तेव्हा आमच्या पाटीवर दोन नावं होती, मनीषाचं आडनावासकट आणि इराचं. मी वर बेडरूममध्ये होतो. लपलो नव्हतो, पण खालीही येत नव्हतो.

"पाटीवर किती, घरात किती?" खालून आवाज आला. "हे दहा नंबरचे बूट इराबाईंचे का?"

इरा खिदळली. "नाही! बाबाचे!"

मी जिना उतरलो.

"या, या," काका म्हणाले, जणू मीच त्यांच्याकडे आलो होतो.

"काका, आमचं लग्न झालेलं नाही." इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा बोललो, आणि बोललो ते हेल्मेट घातलेल्या माणसाला.

"मी अक्षता मागितल्या का? इथल्या टॅक्सवाल्यांना मंगळसूत्र दिसत नाही रे. एक छप्पर, दोघांचं मूल, बाप म्हणून तुझी सही. झालात जोडीदार! दोघं कमावता, घरात लहान पोर, मग ज्याचा पगार कमी त्याला करात सूट. म्हणजे हिला. फक्त पत्ता एक पाहिजे."

"आणि वेगळाच राहू दिला तर?"

"तर ही कागदावर एकटी आई." काकांनी माझ्या बुटांकडे बोट दाखवलं. "क्लॉप्त नाही. असलं मी भरणार नाही."

"मग नको ती सूट," मी म्हणालो.

"सूट गेली खड्ड्यात!" काका एवढे ओरडले की इरा आईच्या मागे गेली. मग आवाज एकदम खाली आला. "हिला एकटी लिहून ठेवू नकोस रे. तू धडधाकट घरात असताना."

चहा न घेता निघून गेले. पोळी तशीच राहिली.

त्या रविवारी मी साताऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. मनीषा शेजारी, इरा मांडीवर. बाबांनी मनीषाचं आडनाव विचारलं, ऐकलं आणि फोन आईच्या हातात दिला. पुढे कितीतरी सणवार ते माझ्याशी बोलले नाहीत. आईनं थोडा वेळ बघून मनीषाला एवढंच विचारलं, "पोरगी जेवते का गं नीट?"

मी पत्ता बदलला. नव्या पाटीसाठी काका स्वतः स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. भर वाऱ्यात पाटी सरळ बसेना, आणि इरा खालून "वाकडी! अजून वाकडी!" म्हणून हुकूम सोडत होती. शेवटी दोघं एकदम ओरडले, "क्लॉप्त!" त्या दिवशी काकांनी पोळी मागून घेतली.

मग किती वसंत तसे गेले. टेबलावर लॅपटॉप, खुर्चीवर उलटं ठेवलेलं हेल्मेट, घरभर फोडणीचा वास, आणि बूट मोजून आरोळी द्यायचा मान इराचा. पुढे सगळे आकडे आपोआप भरून यायला लागले. दोन-चार क्लिक, की झालं. कोणी ठरवून केलं नाही, पण काकांना बोलावणं जाईनासं झालं. आमच्याकडूनही.

यंदा इरानंच विचारलं, "बूटवाले आजोबा कुठे असतात?" डबा घेऊन आम्ही दोघं झुइडओस्टला त्यांच्या फ्लॅटवर गेलो. मी पहिल्यांदाच जात होतो. इरा आता माझ्या खांद्याला लागते. तिनं बेल वाजवण्याआधी पाटी वाचली, मोठ्यानं. वर मार्लेन, खाली वसंत खोपकर. दार उघडल्यावर तिनं पायपुसण्यावरूनच आत बघितलं. काकांचे बूट होते, आणखी कोणाचेच नव्हते.

"पाटीवर दोन, घरात एक," ती डचमध्ये म्हणाली. "क्लॉप्त नाही."

मी तिला डोळ्यांनी दटावलं. काका हसले.

"मार्लेन होती तेव्हा घरात दोघं होतो, आणि पाटीवर ती एकटीच. माझी आई यायची ना पुण्याहून. आईला सांगितलं होतं, ही घरमालकीण. मार्लेन बिचारी महिनाभर घरमालकीण व्हायची, माझं जेवणाचं ताट वेगळं वाढायची. माझं नाव मी लावलं ते ती गेल्यावर." त्यांनी पाटीवरून अंगठा फिरवला. "तेव्हाही क्लॉप्त नव्हतं, इरा."

मी डबा पुढे केला. काकांनी तो दोन्ही हातांत घेतला, आणि झाकण न उघडताच माझ्याकडे बघितलं.

"शिळी आहे ना?"

"कालचीच," मी म्हणालो.