आधी आवाज, मग सासरे

"व्हिडिओ लहान करून देण्यात काय अवघड आहे?" हे वाक्य मी जेवताना बोललो. (भरल्या ताटावर मला कसलीच भीती वाटत नाही.) आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं?

झालं असं, की सासरे रिटायर झाले. निरोपसमारंभात त्यांनी भाषण ठोकलं आणि माझ्या धाकट्या मेव्हण्याने, म्हणजे छोटूने, ते शूट केलं. सासूबाई स्टेजवरच होत्या, पण सासऱ्यांच्या पाठीमागे. त्यांना ऐकू कमी येतं. कानात मशीन आहे, तरी बोलणाऱ्याचे ओठ दिसले नाहीत तर त्यांना निम्मं कळत नाही. म्हणजे नवरा भर सभेत आपल्याबद्दल काय बोलला, हे अख्ख्या ऑफिसला ठाऊक आणि त्यांनाच नाही! सासऱ्यांना विचारावं, तर "काही नाही गं, असंच" म्हणून ते पेपरात तोंड खुपसतात. म्हणून सासूबाईंना तो व्हिडिओ टीव्हीवर बघायचा होता, पण फाइल एवढी अगडबंब की टीव्ही ती उघडेचना.

"छोटूला सांगते," बायको म्हणाली.

"छोटू कशाला? मी काय मेलोय?"

दुपारभर कॉम्प्युटरचा पंखा घोंघावत होता. शेवटी फाइल लहान झाली. मी नवाकोरा वायरलेस स्पीकर लावून व्हिडिओ सुरू केला आणि बघतो तर काय, सासऱ्यांचे ओठ मिटले तरी भाषण चालूच!

"अहो, मूळ फाइल तरी नीट आहे का बघा."

बघितली. तीही तशीच! माझं डोकंच फिरलं. "बघ तुझ्या भावाचे प्रताप! एक शूटिंग धड करता येत नाही, आणि निस्तरायचं कोणी? मी!" मग मी आवाज थोडा अलीकडे सरकवला, फाइल पुन्हा बनवली, पुन्हा ऐकली, पुन्हा सरकवला. संध्याकाळपर्यंत ओठ आणि शब्द असे जुळले, की मीच मला शाबासकी दिली. (दुसरं कोणी देत नव्हतं.) आणि ती मूळ फाइल उडवून टाकली. असली घाण ठेवायची कशाला?

रविवारी सगळे सासऱ्यांच्या टीव्हीसमोर जमलो. व्हिडिओ सुरू झाला. सासऱ्यांनी तोंड उघडायच्या आत शब्द बाहेर! हात एकमेकांना लागायच्या आत टाळ्या! सासूबाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. "अगं, कान एक सांगतोय आणि ओठ भलतंच. मला काही म्हणजे काही कळत नाहीये."

छोटूने विचारलं, "भावोजी, तुम्ही ऐकलंत कशावर?"

"वायरलेस स्पीकरवर. भारीतला आहे."

"तो स्पीकरच उशिरा बोलत असणार. फाइल चांगली होती. मूळची आहे ना?"

"वा रे वा!" मी कडाडलो. "स्पीकर उशिरा बोलतो हे खोक्यावर लिहायला काय झालं होतं त्यांना?"

"म्हणजे उडवली," बायको म्हणाली.

छोटू लॅपटॉप आणायला उठला. तेवढ्यात सासूबाईंनी कानातलं मशीन काढून टेबलावर ठेवलं. "तो आवाज बंद करा आधी." बायकोने टीव्हीचा आवाज बंद केला. पडद्यावरच्या ओठांवर नजर रोखून त्या हळूहळू बोलू लागल्या, "ऑफिसात वेळेवर पोचायचो... ते हिच्यामुळे. घरी उशिरा यायचो... ते माझ्यामुळे. आता तो सगळा उशीर... मला भरून काढायचाय."

त्यांनी पदर डोळ्यांना लावला. सासऱ्यांनी पेपर आणखी वर धरला. मीही हळूच नाक पुसलं, खोटं कशाला बोलू? आणि मनात आलं, बघा, मी आवाज बिघडवला नसता तर हा प्रसंग घडला असता का? हे मी मोठ्याने म्हणणार, एवढ्यात सासूबाईंनी हात वर केला. पडद्यावर भाषण संपलं होतं. सासऱ्यांनी माईक खाली ठेवला होता आणि कॅमेऱ्याकडे वाकून ते छोटूला काहीतरी पुटपुटत होते.

"थांबा, अजून बोलतायत," सासूबाई म्हणाल्या, आणि एकेक शब्द स्वच्छ वाचून दाखवला, "छोटू... हा व्हिडिओ... जावईबापूंच्या हाती... लागू देऊ नकोस."