मावशीचा लेमन सेट

"लेमन सेट कुठाय?" सुदर्शनने स्टुलावरून विचारलं. आवाज त्याने जमेल तितका सहज ठेवला होता, पण त्याच्याखालचं स्टूल डगमगत होतं.

"कुठला?" श्रद्धा स्वयंपाकघरातून म्हणाली.

"माळ्यावरचा. बायडामावशीने दिलेला."

"सरबत प्यायचंय का? स्टीलचे पेले आहेत. त्यातही लिंबू आंबटच लागतं."

"श्रद्धा, सेट कुठाय?"

"अभिनवच्या वास्तुशांतीला दिला. दोन महिने झाले. तुम्हाला त्या दिवशी ऑफिसचं काम होतं ना? मग मी एकटी भावाकडे कात्रजला रिकाम्या हाताने जाऊ?"

सुदर्शन स्टुलावरून उतरला आणि त्याच स्टुलावर बसला. कारण त्या खोक्यात लेमन सेट नव्हता. युद्धनौका होती. जपानी, दुसऱ्या महायुद्धातली, प्लॅस्टिकच्या सुट्या भागांची, जोडून घरी बांधायची. सील न फोडलेली.

पुण्यात आहेर देत नाहीत, पुढे ढकलतात. लग्नात आलेला कॅसरोल मुंजीत जातो, मुंजीतलं घड्याळ एकसष्टीला जातं. खोकं कोणी उघडत नाही. उघडलं तर किंमत जाते. फक्त कोणी दिलं त्याची चिठ्ठी तळाशी चिकटवायची, म्हणजे ज्याचं त्यालाच परत देण्याची नामुष्की नको. प्रत्येक मध्यमवर्गीय माळ्यावर अशी डझनभर खोकी नव्या कोऱ्या अवस्थेत म्हातारी होत असतात. वर हीच माणसं म्हणतात, घरात जागा नाही.

याच ढोंगावर सुदर्शनने आपला सगळा खजिना उभा केला होता. विमानं, रणगाडे, जहाजं, जे दिसेल ते तो आणायचा. बांधायचा मात्र नाही. बारा वर्षांत त्याने एकच विमान बांधलं होतं आणि त्याचाही पंखा उलटा बसला होता. "रिटायर झालो की निवांत बांधीन," असं तो म्हणायचा. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत श्रद्धाला दिवाणाखाली एकाच रणगाड्याची दोन खोकी सापडली.

"हा बांधायला आणलात. मग हा दुसरा?"

"आधी आणलेला विसरलो."

जगात याहून वाईट उत्तर नव्हतं. त्या दिवशी तिने त्याचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला. यापुढे एक जरी खोकं घरात आलं, तर नवं-जुनं सगळं भंगारवाल्याच्या काट्यावर. सुदर्शनने शपथ घेतली. आठवड्याभरात पाणबुडी आणली.

पाणबुडी लपवता लपवता त्याला माळा सुचला. आहेराचं खोकं उघडायचं, आतली वस्तू काढून खालच्या मजल्यावरच्या कासिमला द्यायची, आत आपलं खोकं ठेवायचं, चिकटपट्टी पुन्हा लावायची. यादी करायची सोय नव्हती, कारण श्रद्धा त्याचा मोबाईल स्वतःच्या मोबाईलसारखा वापरायची. म्हणून तो अंघोळ करताना पाठांतर करायचा : काकूंचा कॅसरोल, हेलिकॉप्टर. ऑफिसचं घड्याळ, पाणबुडी. मावशीचा लेमन सेट, युद्धनौका. श्रद्धाला वाटायचं, नवरा स्तोत्र म्हणायला लागला. तिने शेजारी कौतुकही केलं होतं.

आज तो नवं लढाऊ विमान घेऊन आला होता. विमान स्कूटरच्या डिकीत ठेवून आधी माळ्यावर जागा बघायला चढला, तर युद्धनौकाच गायब.

"जरा खाली जाऊन येतो," तो म्हणाला.

कासिम घरी नव्हता. त्याची बायको सलीमा दारात आली.

"वहिनी, तो लेमन सेट परत हवाय."

"सुदर्शनभाई, आम्ही तर रोज त्यातच सरबत पितो." सलीमाने जग समोर धरला. "एक ग्लास आमच्या धाकट्या मिसबाने फोडला. दिलेली वस्तू परत मागायची पद्धत तुमच्यात आहे का?"

"जीव जायची वेळ आली, वहिनी."

सलीमाने चेहऱ्याकडे बघितलं, ग्लास विसळले, वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातले. बेत सरळ होता. अभिनवकडे जायचं, चुकून तडा गेलेला सेट दिला म्हणायचं, हा द्यायचा, तो आणायचा.

अभिनवच्या बायकोने, भाग्यश्रीने, दार उघडलं आणि लेमन सेट हा शब्द ऐकताच तिचा रंग उडाला.

"भावजी, उघडून बघायची गरज नाही हो. आम्हाला फार आवडला."

"तडा गेलाय. कोणाला लागेल."

"आम्ही जपून पितो."

"कशात पिता ते दाखव तरी."

भाग्यश्रीने आत बघितलं, मग बाहेर बघितलं, मग रडवेली झाली. "सोसायटीच्या चेअरमनना दिला. नागोरावांना. त्यांची एकसष्टी अचानक निघाली. ताईंना सांगू नका हां."

"शक्यच नाही," सुदर्शन म्हणाला. आयुष्यात तो इतकं मनापासून काही बोलला नव्हता. "तूही सांगू नकोस."

नागोराव त्याच इमारतीत तळमजल्यावर राहायचे. चंद्रपूरकडचे. पुण्यात वीस वर्षं काढूनही त्यांनी पुणेरी आढेवेढे शिकून घेतले नव्हते. ते फिरून परत येईपर्यंत सुदर्शन अर्धा तास ताटकळला.

"आहेर वापस मागाले आलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहून राहिलो जी."

"वापस नाही, बदलून. तडा गेलाय."

"मले काय करायचं तड्याशी? मी त्याचा दोरा पण नाही सोडला. माझ्या व्याह्याच्या लग्नाचा वाढदिवस होता, त्याले देऊन टाकला. तात्याराव. बिबवेवाडीत राहते."

बिबवेवाडी! सुदर्शनच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. युद्धनौका कात्रजला वळसा घालून पुन्हा बंदराशी आली होती. तो पत्ता कागदावर लिहून घेऊन गेटपाशी आला तेवढ्यात फोन वाजला.

"कुठे आहात?" श्रद्धा.

"स्वारगेटला. ट्रॅफिकमध्ये अडकलोय."

"हो का? मग नागोरावांच्या गेटपाशी तुमच्यासारखा दिसणारा कोण उभा आहे?"

श्रद्धा रिक्षातून उतरत होती. भाग्यश्रीला दम धरवला नव्हता. सुदर्शनची पाठ वळताच तिने फोन करून "ताई, रागावू नका, सेट आम्ही पुढे दिला" अशी माफी मागून टाकली होती. गुन्हेगाराला गप्प बसवत नाही, हेच खरं. फक्त सुदर्शनला बसवत होतं.

"लेमन सेटसाठी ऑफिसातून आलेला माणूस चहा न पिता कात्रजला येतो," श्रद्धा म्हणाली. "काय होतं त्या खोक्यात?"

तोंडाला येईल ते सुदर्शन बोलला. "मावशीची आठवण."

"कोणाची?"

"बायडामावशीची. गेली बिचारी. तिने दिलेली तेवढी एकच वस्तू. आज अचानक भरून आलं."

मावशीच्या दहाव्यालाही हा माणूस गेला नव्हता. ऑफिसचं काम सांगून विमानांचं प्रदर्शन बघायला गेला होता. पण श्रद्धाचा चेहरा उतरला. "अहो, मग आधी बोलायचं ना! मी कशाला दिला असता? चला." तिने त्याच्या हातातल्या कागदावरचा पत्ता वाचला. "तात्याराव ना? मीही येते. दोघं गेलो तर नाही म्हणायचे नाहीत."

"तू कशाला? दमली असशील."

"मावशी माझ्याही होत्या. पिशवीत काय आहे?"

"बदली सेट. नवा घेतला."

श्रद्धाने एक ग्लास काढून उजेडात धरला. "नव्याला सब्जाचं बी चिकटलंय."

"हल्ली दुकानदार काहीही विकतात."

"बरं. डिकीत ठेवते. उघडा."

"डिकी बिघडलीये!" हे तो इतक्या जोरात ओरडला की नागोरावांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

कात्रज ते बिबवेवाडी श्रद्धा जग आणि पाच ग्लास मांडीवर धरून बसली. प्रत्येक खड्ड्यात काच किणकिणत होती आणि तिच्याखाली, सीटच्या आत, लढाऊ विमान खडखडत होतं. सुदर्शन वाटेत मनातल्या मनात एकच गोष्ट मागत होता : खोकं बंद असू दे. दोन घरांनी उघडलं नाही, तिसरं कशाला उघडेल? पुण्यातच राहतात ना?

तात्याराव रजिस्ट्री कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. दार उघडताच तेलरंगाचा भपकारा आला. बोटांना भगवा रंग होता.

"या, या! नागोरावांचा फोन आला होता. बसा. मावशीची आठवण म्हणे?"

सुदर्शन बसला नाही. तो समोरच्या काचेच्या कपाटाकडे बघत होता. वरच्या खणात गणपती, खालच्या खणात तात्यारावांच्या लग्नाचा फोटो आणि मधल्या खणात ती. दुसऱ्या महायुद्धातली जपानी युद्धनौका. नखशिखांत भगवी. तोफा सोनेरी. डोलकाठीवर कागदी झेंडा आणि नाकावर ठसठशीत अक्षरांत 'श्री एकवीरा प्रसन्न'.

त्याच्या घशातून लांबवरच्या भोंग्यासारखा आवाज निघाला.

"आवडलं ना?" तात्याराव खूश झाले. "तीन आठवडे लागले. बारीक बारीक स्टिकर होते बरोबर. काही कळेना कसले, फेकून दिले."

"फेकून," सुदर्शन म्हणाला.

श्रद्धा कपाटाजवळ गेली. तिला मनापासून आवडलं होतं. "बघा! याला म्हणतात छंद. एक आणलं, एक बांधलं. आमच्या यांनी ढीग जमवला होता, तात्या. शेवटी शपथ घालून सोडवलं." मग तिने हातातली पिशवी टेबलावर ठेवली. "आणि तो लेमन सेट?"

"तेच तर सांगतोय!" तात्याराव उत्साहाने पुढे सरकले. "मी आहेर आला की लगेच उघडतो. बायको रागावते, पण मला दम निघत नाही. उघडला, म्हटलं आता सरबत करू, तर आतून हे निघालं!"

सुदर्शनने डोळे मिटले. पंखा गरगरत होता. आतल्या खोलीत कुकरची शिट्टी झाली.

"लेमन सेटच्या खोक्यातून?" श्रद्धाने विचारलं. फार हळू विचारलं.

"हो ना! हे बघा खोकं, जपून ठेवलंय." तात्यारावांनी ते पालथं करून दाखवलं. तळाशी श्रद्धाच्याच अक्षरातली चिठ्ठी होती : बायडामावशी.

श्रद्धाने चिठ्ठी वाचली. मग पिशवीतल्या जगाकडे पाहिलं. मग खोक्यावरच्या छापील जगाकडे पाहिलं. तीच पिवळी फुलं, तोच दांडा. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"काकूंचा कॅसरोल, हेलिकॉप्टर," ती एकेक शब्द सुटा करत म्हणाली. "ऑफिसचं घड्याळ, पाणबुडी. मी सगळ्या बिल्डिंगला सांगितलं, हे स्तोत्र म्हणतात."

"श्रद्धा, मी सांगतो..."

"मावशीची आठवण!"

"भंगारात दे," सुदर्शन पडलेल्या आवाजात म्हणाला. "सगळं दे. मी अडवणार नाही."

"भंगारात कशाला?" श्रद्धा तात्यारावांकडे वळली, आणि तिच्या आवाजात एकदम सायीचा गोडवा आला. "तात्या, रविवारी रिकामे असता का?"

"मी रोजच रिकामा, ताई."

"मग येत्या रविवारपासून एकेक खोकं घेऊन यांना पाठवते. दोघांनी बसून बांधा. सील यांच्याच हाताने फोडायचं. रंग तुमचा."

"भगवा पुष्कळ उरलाय!" तात्याराव म्हणाले.

"श्रद्धा, त्यापेक्षा भंगार," सुदर्शन कळवळून म्हणाला. "तू काट्यावर घाल. मी स्वतः खाली पोचवतो."

तात्याराव नको नको म्हणत असताना तिने लेमन सेट त्यांच्या बायकोच्या हातात दिला, पाचच ग्लास असल्याबद्दल माफी मागितली आणि जिना उतरायला लागली. सुदर्शन मागून आला. स्कूटरपाशी पोचल्यावर त्याने किल्ली लावली आणि घाईघाईने सीटवर बसला.

श्रद्धा बसली नाही. रस्त्याच्या दिव्याखाली हाताची घडी घालून उभी राहिली.

"घरी गेल्यावर शिडी काढायचीये," ती म्हणाली. "त्याआधी उठा. डिकी उघडा."