हिरड्या हेनेलेच्या, निर्णय आत्याचा

हेनेलेने उकडलेल्या कोनफळाचा घास तोडला आणि कोनफळाऐवजी त्याचा दातच हलला. वरचा, अगदी समोरचा. जिभेने चाचपून पाहिलं तर शेजारचाही हलत होता. हातातल्या तुकड्यावर रक्ताचा डाग उमटला होता. त्याने ताटली बाजूला सारली आणि बायकोवर डाफरला.

"हे काय, दगड उकडलेत?"

"कोनफळ लोण्यासारखं आहे," कालोलाइने म्हणाली. "दात बघा स्वतःचे! किती वर्षं ओरडतेय, उशीवर रक्त पडतंय तुमच्या. पण ऐकतंय कोण?"

हाताच्या बोटातून रोज सकाळी रक्त आलं, तर आमच्या टोंगातला कुठलाही माणूस बोंबलत दवाखाना गाठेल. हिरडीतून आलं की मात्र पचकन थुंकतो आणि चहा पितो. जणू हिरड्या शेजाऱ्याच्या आहेत. हेनेलेही त्यातलाच. फरक एवढाच, की त्याचं सगळं नाव त्या दोन दातांच्या जोरावर उभं होतं. चर्चच्या बँडमध्ये तो पहिला कॉर्नेट वाजवायचा, म्हणजे ओठांवर दाबून फुंकायची छोटी पितळी तुतारी. महिन्यावर चर्चची वार्षिक परिषद आली होती, ती यंदा आमच्याच गावात भरायची होती आणि सगळ्या बेटांवरची माणसं यायची होती. पहिल्या स्तोत्रातला एकट्या कॉर्नेटचा तुकडा हेनेलेचा, त्याच्याआधी त्याच्या बापाचा. आणि आता वरचा सूर लावला की दात आत दबायचा आणि सूर खाली घसरायचा.

त्यात शेजारी दुसऱ्या कॉर्नेटवर त्याचा मेहुणा सालेसी. बहीण लेसीएलीचा नवरा, गरीब स्वभावाचा. सूर घसरला की सालेसी ओठ मिटून मंद हसायचा. हेनेलेला वाटायचं, हा माझी खुर्ची रिकामी व्हायची वाट बघतोय. त्याचे समोरचे दोन दात हलत होते खरे, पण सालेसीवर धरलेला दात मात्र घट्ट होता.

मग गावाचे उपचार सुरू झाले. कोणी म्हणालं समुद्राच्या पाण्याच्या चुळा भर, कोणी कसलीशी साल चावायला दिली. ती चावताना दुखलं म्हणून हेनेलेने ती साल देणाऱ्याच्या अंगावर थुंकली. पाद्रीबुवा म्हणाले, प्रार्थना करू. "प्रार्थनेने कीटण निघतं का?" असं तो खेकसला, आणि मग चर्चमधली पुढची जागा सोडून मागे जाऊन बसला. शेवटी कालोलाइनेने त्याला दातांच्या दवाखान्यात धाडलं. सोबतीला हुलिता आत्या निघाली.

आत्या निघाली म्हणजे तिला कोणी बोलावलं होतं असं नाही. बापाची थोरली बहीण. आमच्यात तिच्यापुढे भाच्याने आवाज चढवायचा नाही, तिच्यावर चिडायचं नाही, तिने दिलेला शब्द मोडायचा नाही. हेनेले जगावर भडकायचा, देवाच्या माणसावर भडकायचा, पण आत्या दिसली की खाली बसून जमिनीकडे बघायचा.

डॉक्टर नानीसी तरुण होती आणि कोणाच्या आवाजाला दबणारी नव्हती. तिने बारीक सळईने हिरड्यांची खोली मोजली आणि आरसा हेनेलेच्या हातात दिला.

"दात चांगले आहेत तुमचे. ज्यात रोवलेत ते सडलंय. तीन मार्ग आहेत. पहिला, हिरडीच्या खाली खोलवर साफसफाई करायची, मुळांवरचं कीटण खरवडून काढायचं, मग तुम्ही घरी रोज नीट घासायचं. त्याने भागलं नाही तर दुसरा, हिरडी उघडून मुळं साफ करून टाके घालायचे. आणि तिसरा..."

"तिसऱ्याचं नाव काढू नका."

"तिसरा म्हणजे काढून टाकून कवळी," नानीसीने नाव काढलंच. "पहिल्यात दात वाचतील असं वाटतंय. पण धीर लागेल."

"मला खूप धीर आहे," हेनेले ओरडला.

इंजेक्शन दिलं. गालात, ओठाखाली कापसाचे बोळे कोंबले, छातीवर कापड बांधलं. "दुखलं तर हात वर करा," नानीसी म्हणाली. "बाकी काही विचारलं तर नेहमीसारखं सांगा." नेहमीसारखं म्हणजे भुवयांनी. आमच्याकडे हो म्हणायला तोंड लागत नाही, भुवया वर केल्या की झालं. नकाराला मात्र मान हलवावी लागते, नाहीतर बोलावं लागतं. आणि हिरडीखाली टोकदार हत्यार असताना मान हलवणारा मूर्ख अजून जन्माला यायचाय.

सुरुवातीला सगळं ठीक चाललं. "दोन्ही बाजू आजच करू?" भुवया वर. "बधिर झालंय?" भुवया वर. आत्या खुर्चीच्या पायथ्याशी स्टुलावर बसून पंख्याने वारा घेत होती. मग नानीसी थांबली आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"मुळांना आधार वाटला होता त्याहून कमी आहे. हिरडी धरेपर्यंत या दातांवर अजिबात जोर नको. म्हणजे दीड-दोन महिने कॉर्नेट बंद."

हेनेलेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कॉर्नेट बंद? परिषद महिन्यावर आली असताना? त्याचे डोळे वटारले गेले आणि भुवया पार कपाळावर गेल्या.

"शहाणे आहात," नानीसी म्हणाली. "बहुतेक लोक वाद घालतात."

"आऽऽ! ऑऽऽ!"

"बोलू नका, हिरडी कापेल."

आत्याचा पंखा थांबला. "अरे देवा, मग परिषदेत कोण वाजवणार? हेनेले, सालेसीला सांगू का? तोच आहे ना दुसरा?"

सालेसी! त्या ओठ मिटून हसणाऱ्याला! हेनेलेच्या भुवया आता केसांत शिरायच्या बाकी होत्या.

"बघितलंस, डॉक्टर?" आत्या पंखा छातीशी धरून म्हणाली. "मी तर म्हणायची, हा भाचा आमचा नुसता आग्या वेताळ. पण मन बघ केवढं मोठं! बापाचा मान बहिणीच्या नवऱ्याला देतोय."

हेनेलेने संतापून हात वर केला.

"दुखतंय?" नानीसीने लगेच आणखी एक इंजेक्शन दिलं. ओठ गेलाच होता, आता नाकही बधिर झालं. त्याने दुसरा हात वर केला. "अजूनही? फारच नाजूक आहात हो तुम्ही!" असं म्हणत तिने तिसरं दिलं. मग गालापासून कानापर्यंत आपल्याला तोंड आहे की नाही हेच त्याला कळेना. आणि त्याच वेळी आत्या फोनवर बोलत होती. "पाद्रीबुवा, हुलिता बोलतेय. हो, त्याने स्वतःहून... मी समोरच आहे ना! दोनदा विचारलं, दोनदा हो म्हणाला. अहो, हात वर करून देवाचे आभारही मानले त्याने!"

घरी पोचेपर्यंत पाद्रीबुवांनी गावाला सांगूनही टाकलं होतं. अंगणात सालेसीकडची माणसं कमरेला मानाच्या चटया गुंडाळून रांगेने बसली होती. मध्ये भाजलेलं डुक्कर, बाजूला कोनफळांची टोपली आणि एक विणलेली मोठी चटई. उपकाराचे आभार मानायला आले होते. आलेल्यांना उत्तराचं भाषण करणं यजमानाला भागच असतं. हेनेलेला भाषणात सांगायचं होतं की हे सगळं खोटं आहे, चालते व्हा. तोंडातून आलं ते असं, "फे फगळं... फोफं आफे..." आणि खालच्या ओठावरून लाळ गळून सदऱ्यावर पडली. रागाने डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून पहिल्या रांगेतल्या बायका रडायला लागल्या, मग सगळंच अंगण रडलं.

संध्याकाळी ओठ परत आला, तेव्हा हेनेले बायकोला म्हणाला, "आत्ता जातो आणि आत्याला सांगतो, मी हो म्हणालो नव्हतो म्हणून."

"मग भुवया कशाला वर केल्या म्हणून विचारतील."

"सांगीन, राग आला होता!"

"कोणाचा?" कालोलाइनेने विचारलं.

आत्याचा राग आला होता, असं आत्याला कोण सांगणार? गावात आजवर कोणी सांगितलेलं नव्हतं. तो चरफडत स्वयंपाकाच्या झोपडीमागे गेला, तर तिथे सालेसी आधीच उभा होता. गरीब स्वभावाचा सालेसी रागाने थरथरत होता.

"दादा, कोणी सांगितलं होतं हा मोठेपणा करायला?"

"काय?"

"मी मागितलं होतं का? दुसऱ्या कॉर्नेटवर सुखात होतो मी! खालचे सूर, कोणाचं लक्ष नाही. आता हुलिता आत्यांनी शब्द दिलाय, मी नाही कसं म्हणू? तुम्ही माझा सूड घेताय, कळतंय मला!"

"अरे, दहा वर्षं माझ्या खुर्चीवर डोळा ठेवून हसतोस आणि वर..."

सालेसीने अंगठा तोंडात घालून खट्‌कन वरची कवळी काढली आणि हेनेलेच्या तळहातावर ठेवली. अख्खी, गुलाबी हिरड्यांसकट.

"फगफे," सालेसी म्हणाला. मग कवळी परत घेऊन बसवली आणि म्हणाला, "सगळे. वरचे सगळे गेले. माझ्याही हिरड्यांतून रक्तच यायचं, मीही थुंकून चहाच प्यायचो. मोठ्या बेटावर जाऊन काढून आलो. लेसीएलीला माहीत आहे, पण बायको आपल्या भावाला असलं कसं सांगणार? वरचा सूर लावला की ही सुटते, तोंड उघडून हसलं तरी सुटते. म्हणून ओठ मिटून हसतो. कळलं?"

हेनेलेला काही वेळ कोणावर चिडावं ते कळेना. ज्याच्यावर इतकी वर्षं जळलो, त्याच्याकडे जळण्यासारखं काही नव्हतंच, याचा त्याला भयंकर राग आला. आणि ती कवळी डोळ्यांसमोरून हलेना, कारण आपली जागा तिच्या शेजारीच आहे हे त्याला दिसलं होतं. खरं सांगायचं तर तो घाबरला होता.

त्या दिवसापासून तो घासायला लागला. पहिल्यांदा इतक्या संतापाने, की दवाखान्यात घासून दाखवताना नानीसीने ब्रश हातातून काढून घेतला. "हिरडी सोलून निघेल! राग बाहेर ठेवून या, मग घासा. हळू, गोल गोल. आणि दातांच्या फटीत दोरा." दोऱ्याने फटी साफ करणारा हेनेले बघायला शेजारची माणसं कुंपणाशी उभी राहायची. तो त्यांना शिव्या द्यायचा, तोंड धुवायचा आणि उरलेल्या फटी पुऱ्या करायचा. रोज संध्याकाळी सालेसीला वरच्या सुराचा सराव करवायचा तोही रागानेच. कवळी सुटायची, दोघं एकमेकांवर ओरडायचे. परिषदेच्या आठवड्यात नानीसीने हिरडी दाबून पाहिली. रक्त आलं नाही, दातही जवळजवळ हलत नव्हते. "पहिल्याच मार्गावर भागलं," ती म्हणाली. "पण कॉर्नेट अजून नाही." हेनेलेने मान खाली घातली. इतके जपलेले दात वाचले, आणि ज्यासाठी जपले तोच दिवस हातचा गेला.

परिषदेच्या रविवारी चर्चमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. सालेसी उठला. हेनेले मागच्या बाकावर घामाने भिजला होता. मेहुण्याची कवळी आता सगळ्या बेटांच्या पाद्रींसमोर वेदीवर पडणार, आणि बापाच्या तुकड्याचं कायमचं हसं होणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. सालेसीने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग त्याच्याही रागाने टोक गाठलं असावं. त्याने सगळ्यांदेखत कवळी काढली, रुमालात गुंडाळून खिशात ठेवली, बसकं झालेलं तोंड कॉर्नेटला लावलं आणि वाजवलं.

तसा आवाज त्या चर्चमध्ये कधी झाला नव्हता. मऊ, गोल, कुठे धार नाही, टोचणं नाही. वरचा सूर आला तो आल्याचं कळलंही नाही, नुसता वर जाऊन राहिला. लोक रडले, आणि हे रडणं अंगणातल्यासारखं गैरसमजाचं नव्हतं. हेनेलेला राग आला, कारण ते सुंदर होतं. बापाचा तुकडा बापानेही असा वाजवला नव्हता, हे त्याला कबूल करावं लागलं, आणि त्याचा आणखी राग आला.

नंतर मांडवात जेवणं झाली. हुलिता आत्या मधोमध, चारी बाजूंना पाहुणे, समोर डुकरं आणि नारळाच्या दुधातल्या अळूच्या पानांच्या पुड्या. आत्या विचारात पडलेली दिसली आणि हेनेलेने हातातली पुडी खाली ठेवली. ती विचारात पडली की कोणाचं तरी काहीतरी जातंच.

"हेनेले, इकडे ये. मला आज कळलं तुझं कुठे चुकत होतं. दात! दातच आड येत होते तुझ्या वाजवण्याच्या. सालेसीला बघ, दात नाहीत तर कसं वाजवतो. उद्या जाऊन सगळे काढून टाक. त्या नानीसीला निरोप धाडलाय मी. पुढच्या परिषदेला तूच वाजव."

पाहुणे कौतुकाने माना डोलवायला लागले. पाद्रीबुवांनी आशीर्वादासाठी हात उचलला. हेनेले आत्यासमोर जमिनीकडे बघत बसला होता. तोंडात कापूस नव्हता, ओठ जागेवर होता, दातही.

"नाही," तो म्हणाला.

डुक्कर कापणाऱ्याची सुरी थांबली. कालोलाइनेने वाढायला आणलेलं ताट हातातच धरून ठेवलं.

"नाही, आत्या. दात नाही काढणार. आणि त्या दिवशीही मी हो म्हणालो नव्हतो. सालेसीला द्यायचं नव्हतं मला. भुवया वर गेल्या त्या रागाने. मला राग आला होता." त्याने श्वास घेतला. "तुमचा."

आत्याने भाच्याकडे निरखून पाहिलं. मग डुकराच्या कातडीचा कुरकुरीत तुकडा उचलला आणि चावून चावून खाल्ला.

"मग तेव्हाच सांगायचं ना, मेल्या," ती म्हणाली. "तोंड नव्हतं का तुला?"