मोहिनी नावाचा खड्डा

किशोरने पेपर मनातल्या मनात वाचला असता तर काय बिघडलं असतं? पण नाही! पंचवटीतल्या अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं पाहिजे ना!

"ऐका! चंद्राच्या मागच्या बाजूला, उल्का आदळून पडलेला एक बारका खड्डा आहे. नाव काय ठेवलंय, तर मोहिनी! आता ही मोहिनी कोण बाई?"

त्याच्या बायकोचं, आशाचं लाटणं थांबलं. माहेरची ती मोहिनी. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने 'आशा' लिहून तिचं नाव बदललं ते याच गृहस्थाने. आणि वर विचारतो, कोण बाई!

"मी ती बाई!" ती कडाडली.

"अगं, ते तुझं नव्हे. लहान खड्ड्यांना सहज कुठलंही नाव देतात."

"त्यांनी सहज दिलं, तुम्ही सहज काढून घेतलंत! आजपासून मला मोहिनी म्हणायचं. आशाला मी ओ देणार नाही."

आणि खरंच देईना. "आशा, टॉवेल!" म्हणून ओरडत किशोर ओल्या अंगाने कुडकुडला, पण मोहिनी म्हणेल तर शपथ. तेवढ्यात कळवणहून त्याच्या बहिणीचा फोन आला. "आशा हाय का?"

"आशा इथे राहत नाही," म्हणून हिने फोन आपटला.

झालं! दुपारच्या एसटीने बहीण आणि दाजी हजर. बहिणीने गल्लीच्या तोंडापासूनच गळा काढलेला, त्यामुळे मागोमाग शेजारणी.

"कुठं गेली रे ती? काय केलं तिला? अगं बाई, ही तर इथंच हाय!"

किशोरने रामायण सांगितलं. दाजी खो खो हसले. "वहिनी, तो खड्डा तर मागल्या बाजूला. कुणाला दिसत बी नाय! आमच्या रस्त्यातला एखादा देऊ का तुमच्या नावाने?"

"हसा! तुमचं नाव कुणी पुसलंय कधी?" तिचे डोळे भरून आले.

किशोर आईकडे वळला. "आई, तूच सांग हिला. लग्नात नाव बदलायचं ही रीत आहे की नाही?"

सावित्रीबाई लसूण सोलत होत्या. सासूबाई आता सुनेची कशी बिनपाण्याने करतात ते बघायला शेजारणी पुढे सरकल्या.

"रीत आहेच," सावित्रीबाई म्हणाल्या. किशोरचा चेहरा खुलला. "माझंही बदललं तुझ्या वडिलांनी. विचारलंसुद्धा नाही." त्यांनी हातातली पाकळी ताटात टाकली. "त्या चंद्रवाल्यांना पत्र लिही. म्हणावं, मैना नावासाठी एखादा खड्डा उरलाय का? बारका असला तरी चालेल. मागच्या बाजूचाही चालेल. मोहिनी, कागद आण गं!"

"आणते, आई!" मोहिनी ताडकन उठली.

"अन् माझं बी लिव रे," कळवणची बहीण म्हणाली, आणि दाजींचं हसू तिथंच विरलं. किशोरने पेनाचं टोपण काढेपर्यंत दारातल्या सगळ्या शेजारणी आपापली माहेरची नावं सांगायला घरात घुसल्या होत्या.