अर्ध्यात येतंस काय?

सावंतकाकांना कुणाच्या दारात रिकाम्या हाताने उभं राहिलेलं मी गेल्या महिन्यापर्यंत कधी पाहिलं नव्हतं. कडेवर पाच किलोचं पाकीट, खांद्याला पितळी पारड्यांचा तराजू, आणि सदऱ्याच्या खिशातून डोकावणारी कात्री. दार उघडलं की "कशी आहेस", "जेवण झालं का" असलं काही नाही. थेट प्रश्न, "अर्ध्यात येतंस काय?"

नाहूरच्या या बिल्डिंगमध्ये आम्ही राहायला आलो, त्याच दिवशी त्यांनी मला हा प्रश्न विचारला. सामानाची खोकी अजून फोडायची होती, नवरा पंख्याच्या बटणांशी झटापट करत होता, आणि हे सत्तरीचे गृहस्थ पोह्यांचं पाकीट घेऊन उंबऱ्यावर उभे. मी हो-नाही म्हणायच्या आत त्यांनी आमच्याच एका खोक्यावर वर्तमानपत्र पसरलं, पाकिटाचं तोंड कापलं आणि वजन करायला घेतलं.

"एकट्याक दंड पडता, बाय," पारड्याकडे बघत ते म्हणाले.

मला वाटलं, सोसायटीने कसला तरी दंड लावला असेल. मग त्यांनी मला त्यांचं शास्त्र समजावून सांगितलं. वाण्याकडे जा नाहीतर मोठ्या दुकानात जा, छोटं पाकीट घेतलं की किलोमागे जास्त पैसे, मोठं घेतलं की कमी. मोठं पाकीट काढतात ते चार-पाच माणसांच्या घरासाठी. एकटा माणूस पाच किलो पोहे संपवणार कधी? तोवर त्यात टोके पडतात. "म्हणजे जो एकटो, त्येनाच जास्त पैसे भरूचे. ह्यो दंड नाय तर काय गो?"

त्या दिवशी आमच्या नव्या घरात पहिला आला तो अडीच किलो पोह्यांचा ढीग. त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही सकाळी पोहे, दुपारी पोहे आणि पाहुणे आले की पोहे असं करत राहिलो.

काकांच्या स्वयंपाकघरात फळीवर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. पेन्शन आली की महिन्याच्या किराण्याचे पैसे त्या डब्यात पडतात आणि झाकण लागतं. त्या डब्यात महिना निभावला पाहिजे. दुसऱ्या कुठल्या पैशांना हात लावायचा नाही. महिन्याचे शेवटचे दिवस आले आणि डबा वाजायचा थांबला, की काकांच्या घरातून कुळथाच्या पिठीचा वास येऊ लागतो. सगळ्या मजल्याला त्यावरून तारीख कळते. एकदा तेलाचे भाव कडाडले, त्या महिन्यात तर हा वास आठवडाभर आधीच सुरू झाला. मला राहवलं नाही, म्हणून मी वांग्याच्या भाजीची वाटी नेऊन दिली. वाटी रिकामी परत करायची नसते, हे काकांना माहीत. संध्याकाळी वाटी परत आली आणि तिच्यात साबणाची अर्धी वडी होती.

ही अर्धी वडी आली कुठून, तर पाच वड्यांच्या पाकिटातून. दोन त्यांच्या, दोन आमच्या, आणि पाचवी त्यांनी माझ्यादेखत दोऱ्याने मधोमध कापली होती. आमच्या वाटणीच्या अर्ध्या वडीने माझ्या नवऱ्याने तोंड धुतलं, आणि ती संपेपर्यंत तो कुरकुरत होता. आता दुसरी अर्धीही आमच्याच घरी आली म्हणून तो खूश व्हायला हवा होता. तो म्हणाला, "पुढच्या वेळी त्यांना आंघोळीचा मगही अर्धा करून द्यायला सांग."

एवढी ओढाताण कशासाठी, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. काकी जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता एक मुलगा प्रदीप बंगळूरला असतो. चांगला मुलगा आहे. दर रविवारी फोन करतो आणि दर रविवारी म्हणतो, "बाबा, त्या पेन्शनीत तुमचं भागत नाही, इकडे या." काकांनी त्याच्याशी करार करून टाकला होता. ज्या महिन्यात डबा पुरणार नाही, त्या महिन्यात सामान बांधून बंगळूर. मुलाने पाठवलेले पैसे डब्यात टाकणं म्हणजे लबाडी, तेही करायचं नाही. प्रदीपने थट्टेवारी 'ठीक आहे' म्हटलं असेल, पण काकांच्या लेखी तो शब्द म्हणजे कोर्टाचा कागद. "डबो पुरता तवसर मी पुरतंय," असं ते मला छातीवर हात ठेवून सांगायचे.

मला हा शुद्ध हट्टीपणा वाटायचा. बंगळूरला नातवंडं आहेत, वेळेवर गरम जेवण आहे, आणि हे इथे साबण कापत बसलेत. मी तसं त्यांना तोंडावर म्हणालेही. ते म्हणाले, "तूरडाळ काय भावान आणलंस?"

त्यांचा खरा भागीदार मी नव्हतेच. दुसऱ्या मजल्यावर कांबळेकाका राहायचे. हे माणदेशातले, उंच, काळेसावळे, आणि तेही असेच एकटे. महिन्याच्या पहिल्या रविवारी जिन्याच्या मधल्या चौकात दोघांची वाटणी चालायची. दोन स्टुलं, मध्ये तराजू, खाली वर्तमानपत्र. नियम एकच, वाटणी करणाऱ्याने आपला ढीग मागाहून घ्यायचा. सावंतकाका दोन ढीग करायचे, आणि कुठला उचलायचा ते कांबळेकाका ठरवायचे.

गावाकडे वाटणीवरून भाऊ भावाचं डोकं फोडतो. इथे वेगळंच चालायचं. कांबळेकाका दोन्ही ढिगांकडे संशयाने बघायचे, चष्मा पुसायचे आणि मुद्दाम लहान दिसेल तो ढीग ओढून घ्यायचे. मग सावंतकाका चिडायचे.

"मेल्या, बारको ढीग कित्या घेतलंस?"

"आरं सावंता, दोन्ही सारखंच हायती की."

"मगे ह्यो घे!"

"त्यात सात दाणं जास्त हायती. मी मोजल्यात."

हे भांडण तासभर चालायचं. जाता-येताना पाय ठेवायला जागा नसायची, पण कुणी तक्रार केली नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या जोडप्यातला मुलगा एकदा जिन्यात थबकून म्हणाला, "काका, कशाला एवढं करता यार? ॲपवरून मागवा ना, दहा मिनिटांत दारात." सावंतकाकांनी त्याच्याकडे दयेने पाहिलं. "अरे, दहा मिनिटांत तांदूळ येतलो. भात शिजाक वीस मिनिटां लागतत, त्याचां काय?" मुलगा विचारात पडला तो पडलाच.

मग एके दिवशी कांबळेकाकांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. हॉस्पिटलातून त्यांची मुलगी सुनीता त्यांना दिंडोशीला आपल्या घरी घेऊन गेली, आणि दुसऱ्या मजल्यावर भाडेकरू आले. जिन्यातला चौक रिकामा झाला. आता सावंतकाका अर्धं वाटायला रोज आपल्याच दारात उभे राहणार, असा मी अंदाज बांधला होता. तो साफ चुकला. सावंतकाकांची बेल वाजायचीच बंद झाली. पहिल्या रविवारी कडेवर पाकीट, खांद्याला तराजू घेऊन ते सकाळीच जिना उतरायचे आणि संध्याकाळी परत यायचे.

"खय?" मी एकदा त्यांच्याच भाषेत विचारलं.

"दिंडोशी. कांबळ्याकडे."

नाहूरहून दिंडोशी म्हणजे दोन बस बदलायच्या. मी बँकेत हिशेबच करते, त्यामुळे माझं डोकं लगेच चाललं. "काका, मोठ्या पाकिटात जेवढे वाचतात, त्याहून जास्त बसला जातात की!"

"बसभाडां किराण्यात धरूचा नाय."

"मग कशात धरायचं?"

काका तराजू सावरत खाली उतरले. त्या महिन्यात त्यांनी संध्याकाळचा चहा सोडल्याचं मला दूधवाल्याकडून कळलं. एवढ्या हिशेबी माणसाचा हिशेब इतका कच्चा कसा, याचं मला नवल वाटलं, आणि थोडी गंमतही वाटली.

गेल्या महिन्यात काका आंघोळीच्या वेळी घसरले आणि त्यांच्या मनगटाला पट्टी आली. शनिवारी बेल वाजली. दारात काका, आणि हात पहिल्यांदाच रिकामे. 

"बाय, उद्या माझ्यावांगडा येतंस काय? पिशवी धरूक होयी."

काबुली चण्यांची पाच किलोची पिशवी घेऊन आम्ही निघालो. दिंडोशीच्या वसाहतीत दहाव्या मजल्यावर सुनीताचं घर. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली ताजी फुलं, आणि खिडकीजवळच्या पलंगावर कांबळेकाका. मी त्यांना ओळखलं ते फक्त उंचीवरून. सुनीता मायेने त्यांचं सगळं करत होती. "बाबा, आता पेज घ्यायची हं. आता टीव्ही नको, डोळे दुखतील. ही शाल काढूया." कांबळेकाका तिच्याकडे बघत राहायचे. शाल निघायची, पेज भरवली जायची.

पाणी आणायला मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा सुनीता मागोमाग येऊन हळूच म्हणाली, "ताई, खरं सांगू? आमच्याकडे सगळं सामान भरलेलं असतं. बाबांना चणे चावताही येत नाहीत. पण काकांना नका सांगू. शनिवारपासूनच बाबांचे डोळे दाराकडे लागतात."

सावंतकाकांनी पलंगाशी स्टूल ओढलं, वर्तमानपत्र पसरलं. त्यांचं मनगट दुखत होतं, म्हणून तराजू मी धरला. त्यांनी डाव्या हाताने चणे ओतायला सुरुवात केली. एक पारडं सरळ खाली गेलं.

"काका, सारखं नाहीये," मी म्हटलं.

"गप ऱ्हव."

दोन ढीग झाले. आंधळ्यालाही कळावं, एक मोठा आणि एक लहान. दोऱ्याने साबण कापणारा हा माणूस! मी आ वासून बघत राहिले. सावंतकाका मागे सरकून बसले आणि मोठ्याने म्हणाले, "हां कांबळ्या. वाटणाऱ्यान मागसून घेवचा. बोल, खयचो?"

कांबळेकाकांची नजर एका ढिगावरून दुसऱ्यावर गेली, परत पहिल्यावर आली. मघापासून त्या डोळ्यांत काहीच नव्हतं. आता त्यांत पुरता संशय उतरला. त्यांनी चांगला वेळ घेतला. सुनीता मदतीला पुढे झाली, तशी सावंतकाकांनी तिला हाताने थांबवलं. शेवटी डाव्या हाताचं बोट सावकाश उचललं गेलं आणि लहान ढिगाकडे वळलं. अर्धा चेहरा हसला.

"मेल्या, परत बारको ढीग घेतलंस!" सावंतकाका कडाडले. "फसवलंस माका!"

आणि मग सूर बदलून, कांबळेकाकांच्या जाडसर आवाजात, तेच म्हणाले, "आरं सावंता, दोन्ही सारखंच हायती की."

"मगे ह्यो घे!"

"त्यात सात दाणं जास्त हायती. मी मोजल्यात."

दोघांचं भांडण ते एकटेच भांडत होते. कांबळेकाकांचे खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि त्या घशातून एक बारीक आवाज निघत होता. तो हसण्याचा होता. मला पुढचं नीट दिसेना, म्हणून मी तराजूची पारडी पुसायला घेतली.

परतताना बसस्टॉपवर मी विचारलं, "काका, ढीग असे का केलेत?"

"सारखे केलंय तर तो निवडतलो काय? बाय, त्याका दिसभर कोण काय्येक विचारना नाय. जेवाण दुसरो ठरवता, झोप दुसरो ठरवता. सुनीता सोन्यासारखी पोरगी, पण ती तरी काय करतली?" मग दुखऱ्या मनगटावरची पट्टी ते नीट करत बसले. "आणि माका तरी कोण आसा भांडूक? बंगळूराक गेलंय तर ह्याका कोण विचारतलो, खयचो ढीग होयो म्हणान? त्यासाठी डबो पुरूक होयो."

इतकी वर्षं मी त्या डब्याला हट्टीपणा म्हणत आले होते. हा माणूस कुळथावर दिवस काढत होता तो त्या एका रविवारासाठी. बस आली. मोठा ढीग माझ्या मांडीवर होता आणि तो घरी नेऊन काका एकटे खाणार होते.

बस कांजूरमार्गला वळली तेव्हा काकांनी कोपराने मला ढोसलं. चेहऱ्यावर जुना, व्यवहारी भाव परत आला होता.

"फुडल्या म्हयन्यात गूळ घेऊया. अख्खी ढेप."

"गूळ? एवढा गूळ तुम्ही खाणार कधी, काका?"

"खावचो कोणाक आसा गो?" ते म्हणाले. "ढेप फोडूक वेळ लागता."