निंबाला नारळ

माणसं कशी सांभाळायची, हे मला कुणी शिकवू नये! सुरतेजवळ इच्छापोरला कापड रंगवायच्या कारखान्यात मी एचआर मॅनेजर आहे. भरती, हजेरी, रजा, भांडणं, रुसवेफुगवे, सगळं माझ्याच टेबलावर येऊन आदळतं. तर मी ठरवलं, कामगारांचा उत्साह वाढवायचा! दर महिन्याला एका उत्तम कामगाराचा सत्कार, आणि तोही अचानक. आधी कळलं तर मजा काय?

पहिला मान निंबाचा. मूळचा खानदेशातला, राहतो गोडादऱ्याला. तो मशीनवर असला की कापडावर डाग पडायची बिशाद नाही! आमचे शेठ हसमुखभाई खूश झाले. "करो, हर्षलभाई, करो!"

माझ्या हाताखालच्या सायलीला मी बजावलं, "निंबाला फोन कर. उद्या बायकोला घेऊन ये म्हणावं. पण कशासाठी, ते अजिबात फोडायचं नाही!"

सायली गुणी मुलगी. सांगितलेलं तंतोतंत करते. तिथंच घात झाला.

"काही चुकलं का, ताई?" निंबानं घाबरत विचारलं.

"मला सांगायची परवानगी नाही," सायली म्हणाली. तेही ऑपरेशन थिएटरबाहेरच्या नर्सच्या आवाजात!

सकाळी गोडादऱ्याहून कंपनीची बस आली. एरवी बसमधून आठवडी बाजार उतरतो. त्या दिवशी सगळे स्मशानातून परतल्यासारखे गप्प! गेटवर वॉचमननं निंबाचं ओळखपत्र काढून घेतलं. मीच सांगितलं होतं. सोनेरी फितीचं नवं द्यायचं होतं ना! त्याच्या मशीनवर दुसरा माणूस उभा होता. तोही मीच लावलेला. सत्कारमूर्तीनं घाम गाळायचा का?

निंबानं आपल्या मशीनवर दुसऱ्याला पाहिलं आणि तो उलट पावली अंगणात बायकोकडे गेला.

मी केबिनमध्ये भाषणाची तालीम करत होतो. तेवढ्यात सायली धापा टाकत आली. "सर, डाईंगवाले मशीन सोडून अंगणात आलेत!"

बाहेर जाऊन बघतो तर ही गर्दी! सगळ्यात पुढे निंबाची बायको, सुभद्राबाई.

"साहेब, आमना माणूसनी काय चूक शे, तेवढं सांगा!"

"काहीच चूक नाही, वहिनी! जरा धीर धरा. संध्याकाळी सगळ्यांसमोर सांगणार आहे!"

"सगळ्यांसमोर?" त्यांनी पदर तोंडाला लावला. "म्हणजे चारचौघांत इज्जत काढणार?"

मागून निंबा कसाबसा बोलला, "साहेब, परवा पोरनी सुपारी शे. आता विठ्ठलभाऊ म्हणतात, थांबू."

विठ्ठल म्हणजे आमच्याच पॅकिंगमधला. त्याच्या मुलाशी निंबाच्या योगिताचं जमलं होतं, साखरपुड्याची सुपारी तेवढी फुटायची होती. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मुलाच्या बापाला विचार करावा लागतो, साहेब."

आपण एका मुलीचं लग्न मोडायला निघालोय! गेली खड्ड्यात ती गंमत. "सायली," मी ओरडलो, "सामान आण! आत्ताच्या आत्ता!"

सायली ताट घेऊन धावत आली. ताटात शाल, आणि शालीवर हा भला मोठा नारळ!

कुणीतरी किंचाळलं, "नारय! निंबाले नारय दिधा!"

झालं! नारळ दिला म्हणजे नोकरीवरून काढलं, हे महाराष्ट्रातून सुरतेत आलेल्या पोराटोरालाही कळतं. नाही कळलं ते फक्त एचआर मॅनेजरला! सुभद्राबाईंनी हंबरडा फोडला. डाईंगमधली पोरं माझ्या दिशेनं सरकली. तेवढ्यात हसमुखभाईंची गाडी गेटातून आत आली.

"हर्षलभाई, आ शुं छे? कापड मशीनमां, ने माणसो बहार?"

मी वॉचमनच्या स्टुलावर चढलो. "निंबा आमचा सगळ्यात चांगला कामगार आहे! हा सत्कार आहे, सत्कार!"

"मग ओळखपत्र का काढून घेतलं?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"नवं द्यायला!"

"मशीनवर दुसरा का?"

"आराम द्यायला!"

"मग कालच का नाही सांगितलं?" सुभद्राबाईंनी विचारलं. "कालपासून ह्या माणसाच्या पोटात अन्नाचा कण नाही, भाऊ."

"गंमत म्हणून," मी म्हणालो. हा शब्द तोंडातून निघताना इतका केविलवाणा लागतो, हे मला ठाऊक नव्हतं. मी स्टुलावरून उतरलो आणि निंबासमोर हात जोडले. "निंबाभाऊ, चुकलो."

निंबा ताटातल्या नारळाकडेच बघत राहिला. तेवढ्यात विठ्ठल गर्दीतून पुढे आला. त्यानं ताटातली शाल उचलली आणि स्वतःच निंबाच्या खांद्यावर टाकली.

"व्याही," तो म्हणाला, "परवा येतो आम्ही."

मग कुठे निंबा रडला. त्याचं बघून सुभद्राबाई, त्यांचं बघून सायली. माझंही नाक चोंदलं, पण ते रंगाच्या वासानं असेल. लोक आत पळाले. मशीनमधलं कापड मात्र गेलंच! फिकट गुलाबी निघायचं ते भरताच्या वांग्याच्या रंगाचं निघालं. हसमुखभाईंनी आधी कापडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

या महिन्यात डाईंगमधल्याच योगराजचा नंबर होता. या वेळी मी शहाणपणा केला. त्याला केबिनमध्ये बोलावून आधीच स्वच्छ सांगितलं, "योगराज, या महिन्याचा उत्तम कामगार तू!"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं हळूच दार लावून घेतलं.

"साहेब, लेकरंबाळं आहेत घरी. वाटल्यास उद्यापासून उशिरा येतो, पण एवढा सत्कार टाळा!"

आणि माणूस शब्दाचा पक्का! दुसऱ्या दिवसापासून रोज उशिरा येतो. त्याचं बघून आता अख्खं डाईंग खातं उशिरा येतं.